कितवं रीळ?

लातूरला ज्या घरात मी सहा वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराच्या मालकांना सगळी गल्ली अप्पा म्हणायची, म्हणून मीही अप्पाच म्हणे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरी बंडी आणि तोंडात एकच प्रश्न. कोणी भांडत आलं, रडत आलं, कोणाची तक्रार घेऊन आलं, की अप्पा आधी त्याला बसायला पाट देत, तांब्याभर पाणी देत आणि मग विचारत, “हे कितवं रीळ हाय?”

नव्या माणसाला काही कळत नसे. मलाही कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही धड कळलेलं नाही. कळलं असतं तर हे लिहायला कशाला बसलो असतो?

मी भौतिकशास्त्राचा मास्तर. क्लासमध्ये डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांना शिकवायचो. आधी धक्का, मग हालचाल, एवढं साधं जग मला पुरायचं. अप्पांच्या जगात मात्र हालचाल झाली की ते धक्का शोधायला मागे मागे चालत जात, आणि तिथून लवकर परत येत नसत. एकदा गल्लीत टँकर आला आणि दोघी शेजारणींचं घागरींवरून जुंपलं. अप्पा मध्ये पडले आणि त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. गल्लीला सवय झालेली. त्यातली एक फणकारली, “पाचवं हाय पाचवं! पयलं सांगू का?” आणि तिनं जी सासूपासून सुरुवात केली ती तिसऱ्या रिळापर्यंत येईतो टँकर निघून गेला. त्या दिवशी दोघींच्याही घागरी कोरड्या राहिल्या. दोघींनी मिळून अप्पांना शिव्या घातल्या, म्हणजे भांडण मिटलं असंही म्हणता येईल.

आणखी एकदा अप्पांना कुत्रं चावलं. इंजेक्शनं घेऊन आले आणि पुढचे दोन दिवस घरोघरी विचारत फिरले, त्या कुत्र्याला आधी दगड कोणी मारला होता? चौकशीत निघालं असं की दगड कोणी मारलाच नव्हता. कुत्रं मुळातच तसलं होतं. अप्पांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हणालो, “बघा अप्पा, कधीकधी आधीचं रीळ नसतंच.” ते म्हणाले, “असंल. आपल्या हाती लागलं न्हाई.”

हे रिळांचं खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला पहिल्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं.

तरुणपणी अप्पा जळकोटला तंबूतल्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. एकच मशीन, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, लोक विडी ओढून यायचे आणि दुसरं रीळ चढायचं. एका पावसाळ्यात तिथं एक इंग्रजी सिनेमा आला, हिंदीत बोलणारा. त्याचं खरं नाव अप्पांनाही आठवत नव्हतं, लोक त्याला फटफटीवाला म्हणायचे. एसटीच्या टपावरून सात डबे आले ते भिजून आले. डब्यांवरच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या विरघळून गेलेल्या. प्रिंट इतकी झिजलेली, की सुरुवातीचा सेन्सॉरचा तुकडाही केव्हाच तुटून पडला होता. मालक गावाला गेलेला. खेळ संध्याकाळी. कोणतं रीळ आधी आणि कोणतं नंतर, हे अप्पांनी कंदिलासमोर फिल्म धरून स्वतःच ठरवलं.

मला हा भाग फार आवडायचा, कारण त्यांनी तो क्रम अगदी विचारपूर्वक ठरवला होता. एका रिळात फटफटीवाली सगळी टोळी एका पेट्रोलपंपावर बसून खातेय, हसतेय, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतेय आणि वरून इंग्रजी नावं सरकताहेत. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, पण सिनेमा येत होता. शेवटी सगळी मंडळी एका जागी जमून हसतात आणि मग नावं येतात, हे त्यांनी शंभर सिनेमांत बघितलेलं. म्हणून ते रीळ शेवटचं. आणि ज्या रिळात एक एकटा माणूस एका फटफटीवाल्याला धरून बदडतो आणि त्याची गाडी पेटवून देतो, ते मारामारीचं म्हणून सुरुवातीला.

मूळ गोष्ट अशी होती, की ही टोळी एका ओसाड गावात येते, पंप जाळते, त्या एकट्या माणसाच्या भावाला मारते. मग पोलिसांचं होत नाही ते तो एकटा करतो. एकेकाला गाठतो आणि संपवतो. पण जळकोटला जे दिसलं ते असं: एक खुनशी माणूस काही कारण नसताना फटफटीवाल्या पोरांना एकेक करून मारतो, त्यांच्या गाड्या जाळतो. मग मेलेल्यांसारखीच दिसणारी पोरं येतात. ते जुळे भाऊ असणार, हे जळकोटकरांनी विड्या ओढता ओढता आपसात ठरवून टाकलं. ते भाऊ त्या खुनशाच्या भावाला मारून सूड घेतात, त्यालाही रक्तबंबाळ करून टाकतात, आणि शेवटी पंपावर बसून पोटभर जेवतात. एक धागा कुठं सुटलेला नाही. पब्लिकनं शिट्ट्या मारल्या. टोळीच्या नावानं नारळ फोडले.

चौथ्या दिवशी उदगीरचे एक मास्तर सिनेमा बघायला आले. त्यांनी तो आधी पाहिलेला. ते अप्पांना म्हणाले, “अहो, तुम्ही चोराला साव केलंत!” अप्पा घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांनी सांगितलेल्या क्रमानं सिनेमा लावला, आणि तंबूत दंगा झाला. लोकांनी सतरंज्या उपटल्या. “आमचा सिनेमा लाव! ह्यो दुसराच हाय!” मग पुढचे चार दिवस पुन्हा चुकीचाच क्रम.

“सर,” अप्पा मला म्हणाले होते, “चित्रं तीच. येक फोटू इकडचा तिकडं न्हाई झाला. तरी हाणणारा कोन आन् खाणारा कोन, सगळं बदललं. मी दोन्ही बघितले. तवापासून माझा राग मोडला बगा. राग आला की वाटते, आपुन मधीच येऊन बसलो की काय?”

मी म्हणालो, “पण अप्पा, मास्तरांचाच क्रम बरोबर होता ना? म्हणजे तो एकटा माणूसच बरोबर.”

“त्या सिनेमापुरता हाव.”

“मग?”

“मंग काय? त्या टोळीला आधी कोनी छळलं, ते दावणारं रीळ त्यात नव्हतंच. आठवा डबा आलाच न्हाई म्हना.”

असल्या माणसाशी काय वाद घालायचा? त्यांच्या स्वयंपाकघरात रिळांचेच पत्र्याचे चपटे डबे होते, टॉकीज बंद पडली तेव्हा मालकानं दिलेले. त्यात ते डाळी भरायचे. प्रत्येकावर तेलरंगानं आकडा. आणि तूरडाळ कधी दोन नंबरात, कधी सहा नंबरात. डबा उघडल्याशिवाय आत काय आहे ते समजायचं नाही, आणि त्याचंच त्यांना कौतुक.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत गाड्यांची टोळी सुरू झाली. तीन मोटारसायकली, पाच पोरं, तोंडाला रुमाल. सायलेन्सर बदलून घेतलेले. संध्याकाळी पाचला क्लास सुटायच्या वेळी गल्लीतून फेऱ्या मारायच्या आणि मध्येच बंदुकीच्या बारासारखा फट्ट आवाज काढायचा. मुली दचकायच्या, म्हाताऱ्या छातीला हात लावायच्या, आणि ही पोरं हसायची. गल्लीनं बैठक घेतली, व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला, पोलिसांत अर्ज दिला. पोलीस दोनदा येऊन चहा पिऊन गेले. पोलीस आले की पोरं येत नसत.

त्यातच माझी आई नांदेडहून माझ्याकडे राहायला आली. एक दिवस क्लासमध्ये फोन आला, आई गल्लीत पडली, मनगट मोडलं, कपाळ फुटलं. अप्पा तिला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. मी पोचलो तेव्हा कपाळाला टाके घालून झाले होते. आईनं डोळे उघडले आणि म्हणाली, “आरं, ते लेकरू...”

“तू बोलू नकोस,” मी म्हणालो. “मी बघतो त्याला.”

“तसं न्हाई रे...”

“आई, पड तू. डॉक्टरांनी बोलू नको म्हटलंय.” डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, असं ग्रुपवर कळलं. क्लिप चाळीस सेकंदांची. आई रस्त्यावर पडलेली. रुमालवाला एक पोरगा तिच्यावर वाकलेला, त्याचे हात तिच्या गळ्यापाशी. बाकीच्या दोन गाड्या निघून जातात. मग घरातून अप्पा धावत येतात आणि तो पोरगा उठून थांबलेल्या तिसऱ्या गाडीवर बसून पळतो. ग्रुपवर एकमत झालं: आधी धडक दिली, मग माळ ओढत होता. आईची बोरमाळ गळ्यात जशीच्या तशी होती. पण ओढायला जमली नसेल, असं मला वाटलं. मी ती क्लिप त्या रात्रीत किती वेळा पाहिली त्याचा हिशोब नाही. ती घेऊन मी पोलिसांत वेगळा अर्ज दिला. त्यांनी ‘अनोळखी मुलगा’ असं लिहून घेतलं आणि विचारलं, ओळखणारा कोणी आहे का?

होता. अप्पांनी त्याला जवळून पाहिलं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाट दिला, पाणी दिलं. मी पाटावर बसलो नाही.

“कोण होता तो?”

“तोंडाला रुमाल व्हता.”

“अप्पा, तुम्ही ओळखलंत. मला दिसतंय तुमच्या तोंडावर.”

अप्पांनी विभूतीवरून बोट फिरवलं. “ओळखलं. तुमच्याच क्लासचं लेकरू हाय. दोनदा आलतं हितं तुमाला भेटाया. जिन्यापतोर गेलं आन् परत फिरलं.”

“नाव सांगा. पोलिसांना नाव पाहिजे.”

“मी कसं सांगू? मी मधल्या रिळात आलो, सर. मी भाईर आलो तवा आई पडलेल्या व्हत्या. आधी काय झालं ते मला दिसलं न्हाई. आईला इचारलं का तुमी?”

“तिचं डोकं फुटलंय! तिला कशाला त्रास देऊ? क्लिप आहे ना, सगळं दिसतंय त्यात.”

“त्यात बी मधलंच हाय.”

माझं डोकं भणाणलं. माणसानं तत्त्वज्ञान करावं, पण दुसऱ्याच्या आईच्या टाक्यांवर करू नये. मी त्यांना म्हणालो, “तुमच्या त्या सिनेमातला एकटा माणूस बरोबर होता, अप्पा. जळकोटचे सगळे लोक मूर्ख होते आणि त्यात तुम्ही पहिले.” असं मी वडिलांच्या वयाच्या माणसाला बोललो. न प्यायलेला पाण्याचा तांब्या त्यांनी उचलून आत नेला.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो. हातात मच्छरदाणीचा लोखंडी दांडा. घरात मारायला दुसरं काही नव्हतं. शिकवणाऱ्या माणसाच्या घरात हत्यारं कुठली? ग्रुपवर कोणी तरी टाकलं असावं, कारण दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं आणि त्यांच्या हातात मोबाइल. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, छाती फुगली होती. पोलिसांचं झालं नव्हतं ते मी एकटा करणार होतो. एरवी मी आयुष्यात खडूखेरीज काही फेकून मारलेलं नाही.

तीन गाड्या आल्या.

आणि त्याच वेळी अप्पा घरातून त्यांची लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आले. रस्त्याच्या मधोमध, माझ्या आणि गाड्यांच्या मध्ये, ती उघडली आणि बसले. गाड्या थांबल्या. मला वाटलं, आता अप्पा पोरांना काही सांगणार. पण अप्पांनी खुर्ची उलटी मांडली होती. त्यांची पाठ टोळीकडे होती आणि तोंड माझ्याकडे. हात गुडघ्यावर ठेवून ते मला बघत बसले, जसं काही मीच गल्लीत आवाज काढत आलो होतो.

“अप्पा, उठा.”

“बसू द्या. गुडघे दुकून राहिलेत.”

“अप्पा, मी सांगतो, बाजूला व्हा!”

“हाणा की तुमी. मी कुठं धरलंय तुमाला?”

वर कोणीतरी हसलं. पुढच्या गाडीवरच्या पोरानं मोबाइल काढून माझ्याकडे धरला आणि म्हणाला, “हाणा सर, चालू हाय.” तो हसत होता. त्याचं ते हसणं मला आजही आवडत नाही. अप्पांनी काहीही म्हणावं, त्या हसण्याच्या आधी कुठलं रीळ असेल असं मला वाटत नाही. मी अप्पांच्या डोक्यावरून दांडा घातला. गाडीच्या दिव्याची काच फुटली. दांडा पोकळ होता, तोही वाकला.

गाड्यांची इंजिनं बंद झाली. मग मागच्या गाडीवरचा एक पोरगा उतरला, पुढे आला आणि त्यानं तोंडावरचा रुमाल काढला.

“सर, आजी कशा हायत?”

मी त्याच्याकडे बघत राहिलो. वीस वर्षांचं, काळंसावळं, हाडकुळं पोर. मी त्याला उभ्या जन्मात पाहिल्यासारखं वाटेना.

“ओळखलं न्हाई का, सर? मी बी-सात. एक्केचाळीस नंबर.”

बी-सात म्हणजे आमची तुकडी. दर रविवारी चाचणी, दर सोमवारी भिंतीवर यादी. वर चढणारे वरच्या तुकडीत, घसरणारे खालच्या. यादीत नाव नसतं, नंबर असतो. नंबर पुकारूनच आम्ही पोरांना उभं करतो. दोन-अडीचशे पोरं, कोण कोणाचं नाव लक्षात ठेवणार?

“माझे बाबा आल्ते, किनवटहून. तुमीच बोलावलं व्हतं.” तो हळू बोलत होता, तक्रार करत नव्हता. “पायताण भाईर काढून आत आले. तुमी बसा बी म्हनले न्हाई. माझा पेपर दावला आन् म्हनले, बाक उबवायला ठेवलंय का याला? घेऊन जा, जागा दुसऱ्याच्या कामी येईल.”

मला आठवेना. मी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, वाकडा दांडा हातात धरून, सगळ्या गल्लीसमोर. असं मी म्हणालो असेन. असं मी दर सोमवारी कोणाच्या तरी बापाला म्हणायचो. पोरं त्यानं पेटून उठतात, अभ्यासाला लागतात, असा माझा अनुभव होता. म्हणजे जी लागायची ती मला दिसायची.

“बाबांनी न्हाई नेलं मला परत. मीच क्लास सोडला. त्यांना वाटते, मी अजून क्लासलाच जाऊन राहिलो.”

मला वाटतं, तो थांबला होता. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होता. मी काय बोललो? मी म्हणालो, “माझ्या आईला का पाडलं?” त्यानं अप्पांकडे पाहिलं. अप्पा अजून माझ्याकडेच बघत होते. मग पोरानं रुमाल पुन्हा बांधला, गाडीवर बसला, आणि तिन्ही गाड्या वळून गेल्या. जाताना एकानंही आवाज काढला नाही.

संध्याकाळी मी अप्पांच्या ओट्यावर गेलो. “टोळी तिकडे होती आणि तुम्ही तोंड माझ्याकडे केलंत. का?”

अप्पा डाळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “दांडा तुमच्या हातात व्हता की, सर.”

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लातूरभर झाला. तोही चाळीसेक सेकंदांचाच. रस्त्यात एक म्हातारा खुर्चीवर बसलाय, एक मास्तर त्याच्या डोक्यावरून दांडा घालून पोराच्या गाडीची काच फोडतो, आणि एक गरीब विद्यार्थी रुमाल काढून विचारतो, सर, आजी कशा आहेत? बास. खाली हजारो लोकांनी मला काय काय म्हटलं होतं. क्लासच्या मालकांनी बोलावलं आणि म्हणाले, थोडे दिवस येऊ नका. मी ओरडलो, “अहो, आधी काय झालं ते तर बघा!” ते म्हणाले, “बघितला की सर. पूर्ण व्हिडिओ बघितला.”

त्यांच्या केबिनमधून बाहेर पडताना मला अप्पांना भेटावंसं वाटलं आणि तोंडही दाखवू नयेसं वाटलं. आठवड्यात मी सामान बांधलं. अप्पांनी निघताना चार नंबरचा डबा दिला. आत काय आहे ते सांगितलं नाही. नांदेडला येऊन उघडला तर मुगाची डाळ होती.

नांदेडला आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी ती मनगट फिरवून बघत होती. म्हणाली, “सरळ झाला बग हात. त्या लेकराला कळवाया पायजे.”

“कुठल्या लेकराला?”

“ज्यानं उचललं मला. दुसरं कोन?” आई माझ्याकडे बघत राहिली. “म्या ओट्यावरनं उतरत व्हते. फट्ट आवाज झाला, म्या दचकले, पाय सटकला. धडकबिडक काय न्हाई. ते लेकरू गाडीवरनं उडी टाकून आलं. म्हने, आजी, मान हलवू नगा. कपाळाला दाबाया तोंडावरचा रुमाल सोडाया लागलं, तेवढ्यात त्याचा गाडीवाला वरडला, चल, लोक येऊन राहिले. मंग पळालं. रडत व्हतं रे ते.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगाया गेले. तू म्हनलास, पड.” आई हात फिरवतच राहिली. “तू इचारलंस कुठं?”

आवाज कोणाच्या गाडीनं काढला? त्याच्या की पुढच्या हसऱ्याच्या? आई म्हणते, तिला माहीत नाही. म्हणजे ते पोर पूर्ण निर्दोष, असंही नाही. मी त्याला नेमकं काय म्हणायचं? आभार की माफी? आणि त्याच्या बापाला काय म्हणायचं? हे सगळं आजही माझ्या डोक्यात उलटसुलट फिरतं, आणि नीट लावायला गेलो की दर वेळी वेगळाच सिनेमा होतो.

मी पोलिसांतला अर्ज मागे घेतला. त्याला नाव लागलं नाही, ‘अनोळखी’ एवढ्यावर काम झालं. मग अप्पांना फोन केला. आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

“अप्पा, त्याचं नाव सांगा आता. पोलिसांसाठी नाही. मला पाहिजे.”

मग अप्पा हळूच म्हणाले, “नाव मी बी इचारलं न्हाई, सर. दोनदा आलतं. पाट दिला, पाणी दिलं, कितवं रीळ इचारलं. नाव राहूनच गेलं.” आणि फोन ठेवता ठेवता, “चुकलंच माझं.”

त्या गल्लीत ते पोर पुन्हा दिसलं नाही. क्लासवाले माझा फोन उचलत नाहीत. माझ्याकडे जुन्या गुणांच्या याद्या तेवढ्या आहेत. काल त्या काढल्या. बी-सात, एक्केचाळीस. पहिल्या चाचणीत एकतीस. मग अडतीस. मग चव्वेचाळीस, एकोणपन्नास, सत्तावन्न. असा अकरा रविवार आकडा चढतच गेलाय. बाराव्याला एकदम बावीस. त्यानंतरचे रकाने कोरे. म्हणजे बापाला बोलावून मी दाखवला तो बाराव्या रविवारचाच पेपर.

त्या रविवारी काय झालं होतं, ते मला माहीत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं किनवटला निघालोय. याद्या पिशवीत ठेवल्यात, आईनं त्या लेकरासाठी एक धुतलेला रुमाल दिलाय. स्टेशनवर उतरून एक्केचाळीस नंबरचं घर कोणाला विचारायचं, एवढंच अजून सुचलेलं नाही.